पटका हलवला म्हणून

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मला हसू येतं. अंगात आलेल्या बाईला मी एकदा ताक नेऊन दिलं होतं — दमली असेल बिचारी, म्हणून! तर अशी मी. तरी हे लिहितेय...

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. हिंगोली स्टेशनपासून कोसभरावर, रुळांना लागून आमचं शेत. रुळांच्या कडेनं तारेचे खांब. ज्वारी हुरड्यात आली की माझे मालक, देवराव, मचाणावरून पाखरं राखायचे. खांदा दुखायचा, गोफण जमेना. मग डोईचा पटका सोडून हलवायचे.

त्या साली एका जहागीरदाराकडे हैदराबादचा पाहुणा आला होता, स्वतःचं छोटं विमान घेऊन. वरून उघडंच होतं ते. पिकावरून इतकं खाली उडवायचा की बैल दावं तोडायचे. मालक म्हणायचे, "वरून खांब दिसत असतील. तार न्हाई दिसत. मरंल हा एखांद्या दिवशी."

एका सकाळी तो सरळ तारेकडेच निघाला. मालकांनी पटका सोडला आणि 'वर जा, वर जा' म्हणून जीव तोडून हलवला. त्याला वाटलं, हे खुशीनं बोलावताहेत. मी न्याहारी घेऊन बांधावर होते, मला स्पष्ट दिसलं — तो हसला, त्यानं हात केला आणि आणखी खाली आला. मग तार... पुढचं सांगवत नाही. आगीजवळ कुणाला जाताच आलं नाही.

"माझ्या हातानं मेला तो," हे मालकांच्या मनानं धरलं ते धरलंच.

"तुमी तर वाचवून राहिले होते," मी म्हणायची. ऐकायचे नाहीत. रात्र रात्र जागे. मला त्यांचीच भीती वाटायला लागली होती.

पुढच्या हंगामात पाखरं उतरली. सवयीनं हात वर गेला, पटका हलला... आणि विमानाचा आवाज आला. मीही ऐकला. बैल उधळले. आभाळात काही म्हणजे काही नव्हतं, पण आवाज खाली खाली येत राहिला. मालक मचाणावरून उतरून तारेकडे धावले, पटका हलवत, "वर जा, बाबा, वर जा" ओरडत. वारा अजिबात नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत तार तुटली आणि आवाज बंद पडला.

तार जोडायला आलेली माणसं म्हणाली, नवी तार, अशी तुटायला नको. मलाही आजवर कारण सापडलेलं नाही. सापडलं असतं तर आधी मालकांना सांगितलं असतं.

ते रुळांशेजारी बसून होते. मी दिलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "या बारीला बी त्याला वाटलं, मी बोलावून राहिलो."