डाव्या हाताची गाठ

ज्याने हाताला कला दिली त्याच्याबद्दल माणसाने चांगलंच बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. तुमचे गुरू कोण, असं विचारतानाच समोरचे चेहरे हळवे झालेले असतात. त्यांची निराशा करायला मला आवडतं. मला पुस्तक बांधायला शिकवणारा माणूस खडूस होता, खोटारडा होता आणि आतून भित्रा होता. तोंडावर मी त्याला काका म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथे तो समोर नाही, तेव्हा मी 'तो'च म्हणणार.

त्याचं दुकान रविवार कारंजाच्या मागच्या बोळात होतं. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटावर होते आणि फाटकी पुस्तकं पोत्यात भरून त्याच्याकडे न्यायचं काम माझं होतं. पुढे कंत्राट संपलं, ते कोणी वाढवलं नाही. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा काहीतरी शिकावं म्हणून मी त्याच्याकडे गेले. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवतेस कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"आणि लिहितेस?"

मी डावा हात पुढे केला. नांदगावच्या शाळेत ह्याच हातावर बाईंनी पट्ट्या मारून मारून पट्टी मोडली होती, हात काही बदलला नव्हता. त्याने तोंड वाकडं केलं, पण हाकललं नाही. त्याचा मुलगा अंबडच्या कारखान्यात लागला होता आणि दुकानात मदतीला कोणी टिकत नव्हतं. का टिकत नव्हतं, ते मला आठवड्याभरात कळलं.

"एक ऐक, डावरे," तो म्हणाला. तेच माझं नाव पडलं. "ज्या दिवशी तू बांधलेलं पुस्तक मी न उसवता गिऱ्हाइकाच्या हातात देईन, त्या दिवशी मी तोंडाने सांगेन की तू शिकलीस. तोवर बाहेर कुठे माझं नाव सांगायचं नाही."

मला तेवढंच हवं होतं. माझ्या हातचं एक पुस्तक त्या दुकानाची पायरी उतरून जावं आणि ते माझं आहे हे त्याने चारचौघांत म्हणावं.

आधी त्याने मला खळ शिजवायला बसवलं. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घोटायचा आणि शेवटी चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. गुठळी झाली की तो पातेलं मोरीत उपडं करायचा आणि "पुन्हा" म्हणायचा. मग घड्या आल्या. छापलेला मोठा कागद दुमडून त्याचा जो जुडगा होतो त्याला फर्मा म्हणतात. फर्मे एकावर एक रचून, घडीला दाभणाने भोकं पाडून, सुई-दोऱ्याने ते एकमेकांत ओवत जायचं. प्रत्येक फर्म्याच्या टोकाला खालच्या फर्म्याशी गाठ मारायची. पुस्तकाचा सगळा जीव त्या गाठींत असतो, वरचा पुठ्ठा आणि कापड म्हणजे नुसता सदरा.

इथेच आमचं बिनसलं. तो उजव्या हाताने शिवायचा, त्यामुळे त्याच्या गाठी उजवीकडे झुकायच्या. मी जुडगा फिरवून डाव्या हाताने शिवायचे, माझ्या गाठी डावीकडे झुकायच्या. पुस्तक तितकंच घट्ट बसायचं. पण त्याला ती उलटी रांग दिसली की अंगाचा तिळपापड व्हायचा. पुस्तक हातात घ्यायचा, पुठ्ठे मागे मागे नेऊन पाठीला पाठ टेकवायचा, एकही पान हललं नाही तरी कण्यात सुरी घालायचा. "उसव. पुन्हा शिव." मी रजिस्टरं शिवली, पोरांचे प्रबंध शिवले, ग्रंथालयाचे तेच ओळखीचे फाटके ग्रंथ शिवले. सगळं उसवलं गेलं. हल्ली कॉलेज रोडला हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी शिबिरात बसून सुबक वह्या शिवतात आणि घरी जाऊन फोटो टाकतात. त्यांना माझा हेवा वाटतो म्हणे. वाटू दे.

पोथ्यांना तर तो मला हातही लावू द्यायचा नाही. पंचवटीतून पोथ्या यायच्या, भद्रकालीतून कुराणशरीफ यायचं. दोन्हींना सरस चालत नाही, कारण तो जनावराचा, फक्त खळ लावायची. आणि दोन्हींना डावा हात चालत नाही. इतर बाबतींत ह्या शहराचं एकमत व्हायला वेळ लागतो, माझ्या हाताच्या बाबतीत मात्र लगेच झालं होतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की तो माझ्यासमोर सुई हातात घेत नाही. कापणं, चिकटवणं, शिकंज्यात दाबणं, सगळं करायचा, शिवण मात्र पडून राहायची. चहाची कपबशी उचलली की कप बशीवर वाजायचा. डोळ्यांचं कारण सांगायचा. मला त्याची दया आली नाही, खरं सांगते. एवढंच वाटलं की आता ह्याला माझी गरज पडेल.

एके दिवशी त्याने एक जुनी, मोठ्या अक्षरांची पोथी माझ्यापुढे टाकली. पानं सुटी झालेली, कडा तेलकट, मधोमध हळदीकुंकवाचे डाग. "कोणीतरी टाकून गेलंय," तो म्हणाला. "कोणी न्यायला येणार नाही. सराव कर."

मी ती जीव ओतून बांधली. फाटक्या घड्यांना आतून पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, दोऱ्याला मेण लावलं, गाठी अशा बसवल्या की बोट फिरवलं तर एकसारख्या लागाव्यात. वर लाल खादीचं कापड चढवलं आणि रात्रभर शिकंज्यात ठेवली. सकाळी त्याने ती उघडली, पाठीला पाठ टेकवली, नाकातून एक आवाज काढला आणि फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती फळीवर नव्हती. विचारलं तर म्हणाला, "उसवली मीच. तुझ्या गाठी देवाला दाखवायच्या का?"

त्या रात्री मी जेवले नाही.

चार-पाच दिवसांनी त्याने मला मैदा आणायला पाठवलं. पिशवी दुकानातच राहिली म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत फिरले. पायरीजवळ पोचते तर आत एक म्हातारी बाई उभी. विंचूरहून एसटीने आली होती. दोन्ही हातांत माझी लाल पोथी, आणि ती कपाळाला लावत होती.

"लय झाक बांधली हो काका," ती म्हणत होती. "माझ्या सासूच्या टायमाला पण अशी नव्हती. तुमच्या हाताला देवच हाय."

आणि तो मान खाली घालून, लाजल्यासारखं, हसत होता.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी आत जाऊन म्हटलं, "ही मी बांधलीय."

"शिकाऊ आहे हो," तो बाईंना म्हणाला. "अजून खळ धड जमत नाही."

मी पोथी बाईंच्या हातातून घेतली, त्याचीच सुरी उचलली आणि कण्यावरचं लाल कापड वरपासून खालपर्यंत चिरलं. इतके दिवस त्याने केलं ते मी एकदा केलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आतल्या गाठींची रांग उघडी पडली, एकजात डावीकडे झुकलेली. "बघा," मी म्हटलं. "ह्यांच्या गाठी उजवीकडे जातात. ह्या माझ्या आहेत. मी डावखुरी आहे."

मी जिंकले होते, आणि तेवढ्यात मला बाईंचा चेहरा दिसला.

"देवाची पोथी डाव्या हातानं शिवली?" ती म्हणाली. मघाशी कपाळाला लावलेली पोथी तिच्यापुढे होती आणि तिला हात लावायला ती तयार नव्हती. मग ती त्याच्याकडे वळली. "काका, हे सगळं उसवा. तुमच्या हातानं शिवून द्या. मी बसते इथंच. माझी एसटी संध्याकाळची हाय."

ती खरंच स्टुलावर बसली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला नीट कळलं. मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिले.

माझ्या गाठी त्याने कापल्या. मग सुई उचलली. दोरा नेढ्याच्या ह्या बाजूने गेला, त्या बाजूने गेला, आत काही जाईना. दोरा ओला केला, पुन्हा केला. कपाळावर घाम आला. मी जागची हलले नाही. शेवटी म्हातारीच उठली, डाव्या हातात सुई धरली आणि उजव्याने झटक्यात दोरा ओवून दिला. तो डावा हात पोथीला चालला.

दुपारभर तो शिवत राहिला. गाठी कुठे सैल, कुठे इतक्या आवळलेल्या की घडी फाटली. दोन फर्मे पुढे आले. रात्रभर दाबात ठेवायची पोथी त्याने खळ ओली असतानाच वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. हे असं काम मी केलं असतं तर त्याने ते माझ्या अंगावर फेकलं असतं.

म्हातारीने कागद सोडून पोथी एकदा पाहिली. पुठ्ठा आत्ताच वाकायला लागला होता. तिने ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

"आता कशी आपली वाटते," ती म्हणाली, आणि त्याच्या पाया पडून पायरी उतरली.

दुकानात आम्ही दोघंच राहिलो. त्याने बोटांना लागलेली खळ फडक्याला पुसली, बराच वेळ पुसत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिकलीस तू."

"हे बाईंना सांगायचं होतं, काका," मी म्हटलं, आणि माझं दाभण घेऊन बाहेर पडले.