लोखंडाचा घाम

तेलाचा चिकट मळ, त्यावर बसलेली रस्त्याची धूळ, त्यात ब्रेकचा झिजलेला काळा भुगा, आणि हे सगळं वर्षानुवर्षं तापून तापून एकजीव झालेलं. गाडीच्या चाकामागून निघालेला कॅलिपर भट्टीवालीच्या टेबलावर पहिल्यांदा यायचा तो असा, मेलेल्या कासवासारखा. ती तो दोन बोटांनी उचलायची, तोंड बाजूला वळवून, आणि ज्याची गाडी असेल त्याच्याकडे एकदा अशी बघायची की त्या माणसाला वाटावं, आपण आज कान धुतलेत की नाही.

ती आमची शेजारीण. तिची पत्र्याची शेड आणि माझी पडवी यांच्यामध्ये एकच छातीएवढी भिंत, म्हणून तिच्याकडचा प्रत्येक वास माझ्याकडे आधी यायचा. एकोणीस वर्षं तिने कारखान्यात पंख्यांच्या जाळ्यांना रंगाची पावडर मारली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिने तिथली पावडर मारायची गन मागून घेतली, आणि बंद पडलेल्या एका बेकरीतून कपाटाएवढी विजेची भट्टी आणली. त्या भट्टीतला पावाचा वास काढायला तिला दोन महिने लागले. लोक म्हणाले, पावाचा वास तर चांगला असतो. ती म्हणाली, "चांगला असला तरी तो माझ्या कामाचा नाही."

तिचं काम असं. पावडर कोरडी असते, पिठासारखी. गनमधून विजेचा झटका घेऊन ती बाहेर पडते आणि टांगलेल्या लोखंडाला मुंग्या गुळाला लागाव्यात तशी लागते. मग भट्टीत वितळते आणि काचेसारखी घट्ट बसते. ऐकायला सोपं आहे. खरं काम पावडरीच्या आधीचं. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही अंगांनी चिमट्यात धरणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोळा. आपण पायाने ब्रेक दाबला की तेल आत घुसतं, ते पिस्टनला ढकलतं, आणि पिस्टनभोवती बसलेली बांगडीएवढी रबरी कडी त्या तेलाला बाहेर पडू देत नाही. एवढीशी कडी, पण गाडीतल्या सगळ्यांचा जीव तिच्यावर. म्हणून भट्टीवाली आधी तो गोळा पूर्ण उघडायची. पिस्टन बाहेर, कडी बाहेर, रबराचा कण आत राहू द्यायचा नाही. तारेच्या ब्रशाने खरवडायचं, धुवायचं, पुन्हा खरवडायचं. आणि एवढं झाल्यावर तो उघडाबोडका, रंगाशिवाय, एकदा भट्टीत ठेवायचा.

बीड डोळ्यांना भरीव दिसतं, पण त्याच्या अंगात बारीक भोकं असतात. वर्षांचं तेल तिथे मुरलेलं असतं. तापलं की ते बाहेर येतं, थेंबाथेंबाने, वास मारत. याला ती लोखंडाचा घाम म्हणायची. घाम पुसून पुन्हा धुवायचं, मग पावडर. घाम न काढता रंग मारला तर रंग मळावर बसतो, लोखंडावर बसत नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगायची आणि कोणी ऐकायचं नाही.

कारण अलीकडे सगळ्यांना लाल कॅलिपर हवे झाले होते. चाकाच्या काड्यांमधून लाल दिसलं की गाडी म्हणे जोरकस वाटते. आत ब्रेक लोण्यासारखे झिजलेले असोत, वर लाल पाहिजे. या हौसेचा तिला मनापासून उबग होता.

"काकू, वरून मारून द्या की," एक टॅक्सीवाला तिला म्हणाला होता. "आत कोण बघायला जातंय?"

"तुम्ही उष्टं ताट वरून पुसून त्यातच वाढून घेता का?"

"ते वेगळं, काकू."

"वेगळंच. उष्ट्या ताटाने माणूस मरत नाही."

टॅक्सीवाला हसला. ती हसली नाही. कॅलिपर तिने कागदात गुंडाळून त्याच्या हातात परत दिला आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

तिचा जावई या टॅक्सीवाल्याचा भाऊ शोभला असता. तो एका दुकानात पडदे विकायचा. गोड बोलणं, अत्तर, पॅन्टच्या मागच्या खिशात कंगवा. माणूस वाईट नव्हता, दारू नाही, मारहाण नाही. पण त्याच्या गाडीच्या मागच्या काचेत लोंबणारी बाहुली धुतलेली असायची आणि सीटखाली मागच्या उन्हाळ्यातली केळ्याची साल. भट्टीवालीने ती साल एकदा पाहिली होती. तेव्हापासून त्या गाडीत बसताना ती पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "गाडी लागते मला."

त्या महिन्यात तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती चार दिवस तिकडे गेली. घराकडे बघायला मुलगी येऊन राहिली, पाच महिन्यांचं बाळ घेऊन. तिसऱ्या दिवशी जावई तिला न्यायला आला, बरोबर त्याचा थोरला भाऊ आणि भावजय. घरात सासू नाही, शेड उघडी, लाल पावडरीचा डबा फळीवर. सासूला त्याने हे काम शंभर वेळा करताना पाहिलं होतं. गन धरणं पाहिलं होतं, भट्टी किती तापवायची ते पाहिलं होतं. खरवडणं चालू झालं की तो चहा घ्यायला घरात जायचा, त्यामुळे तेवढं पाहायचं राहून गेलं होतं.

त्या दुपारी माझ्या पडवीत असा वास आला की मी हातातला घास खाली ठेवला. सडके मासे साखरेत परतावेत आणि त्यात चप्पल जळावी, असा. मला वाटलं कुणाचा तरी टायर पेटला.

भट्टीवाली दुसऱ्या दिवशी सकाळी परतली. पिशवी खाली ठेवून आधी शेडमध्ये गेली, कारण ती नेहमी आधी शेडमध्येच जायची. भट्टीचं दार उघडलं आणि ती एक पाऊल मागे आली. आतल्या जाळीवर काळे चिकट थेंब वाळले होते, तळाशी डांबरासारखा ओघळ. टांगायच्या आकड्यांवर लाल पावडर. एका आकड्याला वितळून लोंबणारा रबराचा तुकडा, शेंबडासारखा. तिने तो चिमट्याने काढला, उजेडात धरला. पिस्टनला धूळ लागू नये म्हणून वर बसवतात त्या टोपीचं रबर होतं ते. म्हणजे आतली कडीही आतच भाजली गेली होती.

माझ्याकडे भिंतीवरून बघून तिने विचारलं, "कोण आलं होतं इथे?"

"जावई होते," मी म्हणालो. "दुपारभर."

ती घराच्या पुढच्या अंगाला आली; मीही भिंतीच्या कडेने तिकडे सरकलो. गाडी दारात उभी होती, निघायच्या तयारीत. पुढच्या दोन चाकांच्या काड्यांमधून लाल चमकत होतं. डिकीत बॅगा, मागच्या सीटवर दुपटं अंथरलेलं. तिथून त्यांच्या गावापर्यंत रस्ता डोंगर उतरत जातो, वळणामागून वळण, एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. गाडी अजून अंगणातून दारापर्यंतच चालली होती. पहिला खरा ब्रेक त्या उतारावर लागणार होता.

जावई पुढे आला, दोन्ही हात जोडून. "आई, बघा तरी. तुम्हाला चकित करायचं होतं. बघून कुणी म्हणेल का की घरी केलंय? दोस्तांना मी सांगितलं, सासूबाईंच्या हातचं आहे."

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. राग आला असता तर बरं झालं असतं. जेवणात केस निघाला की माणूस पहिल्या क्षणी जसा दिसतो, तशी ती दिसत होती.

"जावईबापू," ती म्हणाली, "गाडीत बसा आणि ब्रेक दाबा. मी थांब म्हणेपर्यंत."

तो हसत बसला. ब्रेक दाबायला लागला. ती पुढच्या चाकाशी उकिडवी बसली आणि काड्यांमधून बोट घालून कॅलिपरच्या पाठीवर ठेवलं. थोरला भाऊ ओट्यावरून चहा पीत बघत होता. पंधरा-वीस वेळा दाबून झालं असेल.

"थांबा."

तिने बोट बाहेर काढलं. ओलं होतं. ते तिने आधी स्वतः हुंगलं, मग उठून त्याच्या नाकासमोर धरलं. तो मागे सरकला.

"पावडरीचा ओलावा असेल, आई."

"पावडर कोरडी असते."

तिने कमरेचा पेचकस काढला आणि लाल रंगाच्या कडेला टोक लावलं. रंग सालीसारखा सुटला, एका ओढीत तळहाताएवढा. खालून तोच जुना मळ, भाजून आणखी काळा झालेला. तो तुकडा तिने त्याच्या तळहातावर ठेवला, मळाची बाजू वर करून.

"विहीणबाई," थोरला भाऊ ओट्यावरून खाली आला, "जरा जास्त होतंय. जावई आहे तो. गाडी गॅरेजमध्ये दाखवू आम्ही. तिकडे जाऊन दाखवू."

"तिकडे कसे जाल?"

"सावकाश जाऊ."

"उताराला सावकाश कळत नाही, दादा."

जावयाचे कान लाल झाले होते. भावासमोर, भावजयीसमोर, भिंतीवरून बघणाऱ्या माझ्यासमोर. त्याने तो तुकडा झटकून टाकला आणि दाराकडे बघून म्हणाला, "तू सांग तुझ्या आईला. आपण निघतोय. बस गाडीत."

मुलगी उंबऱ्यात उभी होती, बाळ खांद्यावर. लग्नाआधी सहा वर्षं तिने आईबरोबर शेडमध्ये खरवडलं होतं, तिच्या नखांच्या कडा अजून पुरत्या गोऱ्या झाल्या नव्हत्या. ती आईकडे बघेना, नवऱ्याकडेही बघेना. भट्टीवालीने पेचकस पुन्हा कमरेला खोचला. तिला जे दाखवायचं होतं ते दाखवून झालं होतं. बसायचं की नाही, ते मुलीच्या हातात होतं.

"मला वास आला होता," मुलगी शेवटी म्हणाली. "कालच आला होता. मी म्हटलं, बाळाचं अंग तापलंय, माझंच डोकं फिरलंय." मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत, आईला विचारलंय."

"विचारणारच होतो."

"वहिनी, याला धरा जरा."

बाळ जावेच्या हातात देऊन ती खाली उतरली, डिकी उघडली आणि बॅगा एकेक करून अंगणात ठेवल्या. मग शेडमधून जॅक आणि पाना घेऊन आली आणि आईच्या शेजारी चाकापाशी बसली. दोघींनी मिळून चाक उतरवलं. भट्टीवालीने कॅलिपरच्या नळीचा बोल्ट सैल केला, आणि ब्रेकचं तेल मातीवर सांडलं, थेंब थेंब आणि मग धार. आता ती गाडी कुणाच्या रागाने किंवा मानाने हलणार नव्हती.

थोरला भाऊ आणि भावजय दुपारच्या बसने गेले. जाताना कोणी कोणाला 'येतो' म्हणालं नाही.

पिस्टन निघायला तासभर लागला. आतली रबरी कडी बोटात घेताच बिस्किटासारखी तुटली. जावई ओट्यावर बसून बघत होता. तो हळूच म्हणाला, "आई, पुन्हा करून द्याल? लालच द्या, पण."

इतकं सगळं होऊन हा माणूस लालच मागत होता. भट्टीवालीने तारेचा ब्रश त्याच्यापुढे ठेवला.

"घासा."

"मी?"

"तुम्ही. इथे बसून. हातमोजे नाहीत माझ्याकडे."

हातमोजे होते, खिळ्याला टांगलेले. त्याने ते पाहिले आणि मागितले नाहीत.

तीन दिवस तो घासत होता. पहिल्या दिवशी दोनदा भिंतीशी जाऊन ओकला. ती स्टुलावर समोर बसून भट्टीतला ओघळ खरवडायची आणि अधूनमधून त्याचा कॅलिपर उचलून, उलटा करून, परत त्याच्या मांडीवर टाकायची. "तिथे कुणाला दिसत नाही, आई," असं तो एकदाच म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीने तिन्ही दिवस त्याला जेवण शेडच्या बाहेर वाढलं, कारण हात कितीही धुतले तरी वास जात नव्हता आणि तो त्याला स्वतःलाही येत होता. अत्तर त्याने मारून पाहिलं. त्यामुळे आणखी वाईट झालं.

घाम काढायला कॅलिपर भट्टीत ठेवले तेव्हा काचेतून तो बराच वेळ बघत राहिला. स्वच्छ दिसणाऱ्या बिडातून तेलाचे थेंब वर येत होते. "एवढं घासलं तरी?" तो म्हणाला. पुसून त्याने पुन्हा धुतले, न सांगता.

पावडर तिने मारली. काळी. नव्या कड्या तिने स्वतः बसवल्या, ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा स्वतः काढली, आणि गाडी गल्लीत चार वेळा पुढेमागे चालवून प्रत्येक वेळी खाली वाकून बोट लावलं. बोट कोरडं निघालं. जावयाने काळ्याकडे पाहिलं आणि बॅगा डिकीत ठेवायला लागला. ती त्याला माफ करेल असं मला वाटलं नाही, आणि तिने केलंही नाही. निरोप देताना "जपून जा, जावईबापू" म्हणाली, पण तिचा पदर नाकाशीच होता.

गाडी निघाली. मुलगी मागे, बाळाला धरून. उतार सुरू होतो तिथपर्यंत भट्टीवाली चालत गेली. पहिल्या वळणाआधी गाडीचे मागचे दिवे लाल लागले, गाडी दबली, हळू झाली आणि वळली. मग दुसऱ्या वळणाला लागले. ती तिथेच उभी राहिली, दिवे दिसायचे बंद होईपर्यंत, मग आवाजही येईनासा होईपर्यंत.