आईची ओंजळ किती ग्रॅम

"कप म्हणजे कप," असं माझी धाकटी बहीण फोनवर म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. ती अमेरिकेत, मी आष्ट्याला. माझ्या घरात चहाचे कप तीन आकारांचे, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. "कुठला कप बाई?" मी विचारलं. "अगं, साधा कप. इतकं काय त्यात? सोपं आहे." लांबून बोलणाऱ्याला सगळंच सोपं असतं.

केक हवा होता अण्णांना. अण्णा म्हणजे आमचे वडील, रहिमतपूरचे, मिलिटरीतून रिटायर झालेले. मिरजेला त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं आणि दवाखाना जवळ पडतो म्हणून ते नि आई माझ्याकडं राहायला आले. पेज आणि पातळ वरणावर माणूस पार वाळून गेला. डॉक्टर म्हणाले, आता मऊ खायला घाला. पुढच्या खेपेला असेच आले तर नाकातून नळी घालावी लागेल. तर ह्यांनी तोंडच मिटून घेतलं. शिरा नको, खिमट नको, दूधभाकरी कुस्करून दिली तर ताट बाजूला. मग एका सकाळी हळूच म्हणाले, "आमी अमेरिकेला गेल्तो तवा धाकटीनं केक केल्ता. लय मऊ हुता." ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते हेच.

बहिणीनं कृती पाठवली. दोन कप मैदा, लोण्याची एक स्टिक, आठ औंस दूध, ओव्हन तीनशे पन्नासवर. माझ्या ओव्हनचं बटण अडीचशेच्या पुढं जातच नाही. तीनशे पन्नासला काय वीटभट्टी लावू? मग कळलं की ते फॅरनहाइट, आपलं एकशे पंच्याहत्तरच्या आसपास. स्टिक म्हणजे एकशे तेरा ग्रॅम, आणि आपल्याकडं बटरची वडी शंभराची. औंस तर दोन जातींचे, वजनाचा वेगळा, पातळ पदार्थाचा वेगळा. सगळ्या जगानं ग्रॅम घेतला, लिटर घेतला, ह्या अमेरिकेवाल्यांनाच काय धाड भरली होती? वर शेजारीण म्हणते, "अंदाजानं घाला की, बायकांच्या हातातच माप असतं." ह्या वाक्याची मला जन्माची चीड आहे. पदार्थ जमला की हाताला चव, आणि फसला की हिचं लक्ष नव्हतं.

मी छोटा, बॅटरीवरचा वजनकाटा आणला. सगळं ग्रॅममध्ये उतरवलं, अडीचशे ग्रॅम मैदा मोजून परातीत ठेवला आणि दुकानातून बटर घेऊन आले. आल्या आल्या केक केला. बाहेर आला तो खडबडीत, वर तडा गेलेला, सुरी जाईना. तरी अण्णांनी एक तुकडा तोंडात घेतला, इकडून तिकडं फिरवला, आणि तळहातावर काढून ठेवला. मग भिंतीकडं तोंड करून झोपले.

मी ओव्हनला शिव्या घातल्या, बहिणीला घातल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "कोरडा कसा झाला गं? मी तर वंजळभर मैदा वरनं घातला हुता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का घातलास?"

"का म्हंजे? घरच्या मानसाला कुनी सपाट मापून घालतंय व्हय?"

आमच्या घरी धान्य घालताना मापाला शीग लावतात, वरून ओघळेपर्यंत. सपाट माप दुकानदाराचं. आजारी नवऱ्याचा मैदा असा सपाट पडलेला तिला बघवला नाही.

"आई, हे जोंधळ्याचं माप न्हाई!" मी ओरडले. "ते खाईनात तर नळी घालतील नाकात, कळतंय का तुला?"

तिला कळत होतं. म्हणून तर ओंजळ घातली होती. ती पदर तोंडाला लावून बसली. मला तिची दया आली नाही, खोटं कशाला सांगू? रागच आला, आणखी.

दुसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरात येऊ नको म्हणून बजावलं. ती उंबऱ्यात येऊन बसली. मी पाठ फिरवली की ती ओंजळ पडणार, हे मला दिसतच होतं. सगळा जन्म तिनं तेच केलंय. शेवटी वैतागून ताटली काट्यावर ठेवली. "घाल. काल घातलीस तेवढीच घाल." तिनं घातली. एकशे दहा ग्रॅम. कप उतरवला, औंस उतरवला, स्टिक उतरवली; हे एक माप तेवढं राहिलं होतं. मग ती अण्णांना पाणी द्यायला गेली तशी मी परातीत मैदा घेतला एकशे चाळीसच, आणि हाक मारली, "ये, ओत आता तुझी ताटली." तिनं ती हलक्या हातानं ओतली आणि परातीला नमस्कार केला.

केक फुगला. बोटानं दाबला तरी वर यायचा. बहिणीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, "बघ, म्हटलं नव्हतं सोपं आहे?" आयत्या पिठावर रेघोट्या. आई अण्णांच्या उशाशी बसून सांगत होती, "वंजळ घातली म्हनून झाला बगा. ही तर सपाटच करत हुती." मी दात-ओठ खात मोरीत भांडी घासायला बसले. परात अशी घासली की तिचा पत्रा निघावा. कुणी विचारलं का, ही बाई दोन दिवस काय करत होती?

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, भरल्या तोंडाचा.

"आनिक हाय का गं?"