मॅकने मागितलेली परवानगी

शहापूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात माझी मैत्रीण रंजिता आता लग्नपत्रिका टाइप करते. ते बघितलं की मला चीड येते, आणि ती कुणावर काढावी तेच कळत नाही.

ती उंबरमाळीकडच्या वाडीतली. वडील कमळूकाका रानातून लाकूडफाटा आणणारे. त्यांच्या वाडीची एक रीत आहे: कुणी मोळी बांधून वर दगड ठेवला, की ती महिनाभर पडून राहिली तरी दुसरा हात लावत नाही. लहानपणी रंजिताने अशा मोळीतली एक काटकी ओढली, तर काकांनी तिला परत रानात नेऊन ती जागच्या जागी खोचायला लावली होती.

क्लासातली आमची जुनी मशिनं लिनक्स या फुकटच्या सिस्टिमवर चालतात. त्यांवर तिने स्वतःच डीबगर बसवला. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून तो कुठे बिघडतो ते दाखवणारं हे साधन. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चूक सापडली की तिचा चेहरा कसा फुलायचा ते मी रोज बघायचे.

मागच्या वर्षी ठाण्यातल्या एका कंपनीने तिला परीक्षेला बोलावलं. काम हेच, चुका शोधायचं. सोबत मी गेले. साहेबांनी तिला एका मॅकसमोर, म्हणजे अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, मशीन उघडायला पासवर्ड सांगितला. "हा प्रोग्राम मध्येच बंद पडतो. डीबगर लावून कारण दाखवा. तासभर आहे तुमच्याकडे," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

तिने डीबगर लावला, तर मॅकने विचारलं: याला दुसऱ्या प्रोग्रामचा ताबा घ्यायचा आहे, परवानगी असेल तर पासवर्ड टाका. डीबगर पहिल्यांदा लावला की मॅक हे विचारतोच, असं नंतर कळलं. आमच्या लिनक्सने तिला असं कधी विचारलं नव्हतं. पासवर्ड तिला ठाऊक होता, पण तो मशीन उघडायला दिलेला. ताबा घ्यायला कुणी सांगितलं होतं? ती उठून केबिनबाहेर उभी राहिली. साहेब फोनवर. मी बाकावरून हातवारे करून थकले, "अगं बस, बस जाऊन!" ती हलली नाही.

साहेब बाहेर आले तेव्हा वेळ संपली होती.

"पासवर्ड दिला होता ना तुम्हाला?"

"मशीन उघडायला दिलेला, सर."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. हिला साधं सेटिंग जमत नाही, एवढंच त्याला दिसलं.

परतताना ती म्हणाली, "चूक मला प्रोग्राम वाचूनच कळलेली गो. फक्त थांबवून दाखवायची होती." रडले मी, ती नाही.

परवा कमळूकाका क्लासात आले. रंजिता चहा आणायला गेली होती. घरी तिने "नाय जमलं" एवढंच सांगितलेलं. मी सगळं ओकून टाकलं.

"बरोबर केलं पोरीनं," काका म्हणाले. "दुसऱ्याचं होतं ना ते."

"दुसऱ्याचं कसलं, काका? मशीन, प्रोग्राम, पासवर्ड, सगळं तिच्यासाठीच मांडून ठेवलेलं!"

काका पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघत बसले.

"म्हंजे मोळी तिचीच होती," ते म्हणाले.

रंजिता चहा घेऊन आली. काकांनी कप घेतला, पण मान वर केली नाही.