दोनदा केलेली दुरुस्ती

रूपालीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. म्हसावदला तिच्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. निकालात गडबड आहे, तुम्ही या, एवढंच ती फोनवर म्हणाली होती. पीएचडीची तिची तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मी तिचा गाइड.

आमचं काम कृष्णविवरांवर, म्हणजे ब्लॅक होलवर. दोन ब्लॅक होल आदळून एक झाली की ते नवं ब्लॅक होल वाजवलेल्या घंटेसारखं क्षणभर थरथरतं. गुरुत्वीय लहरींमधून ते आपल्याला कळतं. थरथर किती लवकर थांबेल हे वस्तुमानावर ठरतं; हलकं असेल तर लवकर, जड असेल तर उशिरा. आमच्या निकालात ती अपेक्षेपेक्षा उशिरा थांबत होती. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातच काही कमी असावं. त्यावर पेपर छापून आला. तो वाचून परदेशातल्या एका लॅबने रूपालीला बोलावलं होतं.

लहरी लांबून येताना ताणल्या जातात, त्यामुळे ब्लॅक होल खऱ्याहून जड भासतं. त्यासाठी एक दुरुस्ती करतात. आमच्या कोडमध्ये ती दोनदा झाली होती. वस्तुमान फार कमी धरलं गेलं आणि साधीच थरथर आम्हाला लांबलेली दिसली.

ती ओळ मी लिहिलेली होती.

"दुरुस्त करून चालवलंस?" मी विचारलं.

"तीनदा. काहीच उरत नाही, सर."

मी विभागप्रमुखांना फोन लावला. परीक्षा होऊन जाऊ द्या, मग सावकाश बघू, असं ते म्हणाले. रूपालीने ते ऐकलं.

"मला तिथे विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली.

पेपर मागे घेण्याचं पत्र आम्ही तिथेच लिहिलं. चूक माझी, हेही त्यात लिहिलं.

तिचे वडील पपईच्या शेतातून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, चूक तुमनी शे ना? मंग भोगी कोन ऱ्हायनं?"

भोगतेय ती रूपाली, हे मला दिसत होतं. मी पत्र पाठवून दिलं.

परीक्षा रद्द झाली. प्रबंधाचा गाभाच गेला होता, आणि नव्याने काम करायला मुदतवाढ मिळाली नाही. लॅबने बोलावणं मागे घेतलं. माझं पद जागच्या जागी राहिलं. रूपाली आता तोरणमाळच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. माझा फोन उचलत नाही.

तिचा कोड मी ओळ न् ओळ तपासायचो. माझा कोणीच तपासला नव्हता. आता गाइडचा कोड विद्यार्थ्याने तपासल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही. नियम चांगला आहे. तो करायला मला एक विद्यार्थिनी गमवावी लागली.