गरम सांधा

जयराम मेस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा मी दवाखान्यात सुया उकळायला ठेवल्या होत्या. त्यांचा चुलतभाऊ हरी दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "बाई, जयरामदादा सकाळी गेलो," म्हणाला आणि जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं पुढे म्हणाला, "अंग थंड पडला होता, आणि तो म्हणता, हात भाजता... उजवो हात." मी नर्स आहे. जाणारं माणूस काय काय बोलतं ते पुष्कळ ऐकलंय, म्हणून त्या वेळी मी हे मनावर घेतलं नाही. आज महिना उलटून गेला आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

कुणकेश्वरापासून दोन कोसांवर आमचा दवाखाना. गावच्या मुंबईकर मंडळींनी तो काढला आणि लढाईनंतर लिलावात निघालेली एक जीप त्याला घेऊन दिली. गाडी दणकट होती, वाळूतून जायची, ओढ्यातून जायची, पण तिच्यासोबत पुढून फिरवून चालू करायचं हँडल आलं नव्हतं. त्यामुळे पायाखालचं बटण दाबून सेल्फ फिरला तरच ती चालू व्हायची. नाहीतर धक्का मारायला गाव गोळा करायचा. ही गाडी जेव्हा तेव्हा एकाच ठिकाणी अडायची, वेशीवरच्या वडाजवळ. तिथे गावच्या राखणदाराचं स्थान. तिथे गाडी बंद करून, गाऱ्हाणं घालून, नारळ फोडल्याशिवाय पुढे जायचं नाही असा रिवाज पडला होता. बॉनेटवर नारळाचं पाणी शिंपडायचं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, मग बटण दाबायचं... आणि सेल्फ नुसता एक टक असा आवाज करून गप्प. लोक म्हणत, राखणदार रागावलाय, आणखी एक नारळ आणा. मला हसू यायचं, पण खोटं कशाला बोलू, त्या वडाखाली उभी असताना मी मागे वळून बघत नसे.

एकदा भर दुपारी मी गाडी चालवत असताना आम्ही असेच अडकलो. मागच्या बाकावर बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं, तालुक्याला पोचवणं भाग होतं. तिसरा नारळ फुटला होता. तेवढ्यात छत्री काखेत धरून एक किडकिडीत गृहस्थ समोरून आले. लढाईत मोटारींच्या कारखान्यात काम करून नुकतेच गावी परतलेले जयराम मेस्त्री ते हेच. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मला म्हणाले, "बाई, दिवे लावा आणि बटण दाबा." मी दाबलं. दिवे पार मिणमिणे झाले. "बॅटरी कधी भरलास?" काल, मी म्हटलं. "मगे बॅटरीत जीव आसा. वाट खंयतरी बंद आसा." मला आणखी दोनदा बटण दाबायला लावून त्यांनी बॉनेट उघडलं आणि न बघता उजवा हात आत घातला. बॅटरीची जाड पट्टी गाडीच्या सांगाड्याला जिथे आवळलेली असते, त्या खोबणीत तो हात सरळ गेला आणि थांबला. "हंय हात लावा," म्हणाले. बाकीचे सांधे गार होते आणि हा एक चटका बसावा इतका गरम. "करंटाक वाट मेळना नाय, म्हणान तो तापता. गरम सांधो तोच चोर."

सांध्यावर हिरवं-पांढरं कीट चढलं होतं. वर्षभर भक्तिभावाने शिंपडलेलं नारळाचं पाणी बॉनेटच्या फटीतून नेमकं तिथेच उतरत होतं. जितके नारळ जास्त, तितकी गाडी जास्त अडायची, आणि ती अडली की आम्ही आणखी नारळ आणायचो. मेस्त्रींनी कीट खरवडलं, पट्टी आवळली, सेल्फ खडखडून फिरला. ती बाई वाचली. नारळ मात्र त्यांनी बंद केला नाही. "फोडा, पण बॉनेटर नको, चाकाकडे फोडा," एवढंच सांगितलं.

पुढे दहा वर्षं गाडी त्यांच्याच हाती होती. मी कधीतरी छेडायची, काय हो मेस्त्री, राखणदार कुठे गेला तुमचा? ते हसायचे नाहीत. "नारळ आमी ओतलो, ता खराच. पण माझो हात पयल्याच खेपेक थंय कोणी नेलो, ता माका अजून समाजला नाय." असं म्हणून ते उजव्या हाताची बोटं चोळायचे. त्या बोटांच्या टोकांना कायमचे डाग पडले होते. रोज गाडी काढण्याआधी एकेका सांध्यावरून हात फिरवायचा हा त्यांचा नेम होता, देवाच्या पाया पडावं तसा.

शेवटची भेट दवाखान्याच्या मागच्या छपरात झाली. अंगात ताप असताना येऊन त्यांनी बॅटरी काढून फळीवर ठेवली, तिची टोकं सोड्याच्या पाण्याने धुतली. मी रागावले, घरी जाऊन पडा म्हटलं. "खालचो एक सांधो रवलो," ते म्हणाले. "बरो झालंय की बघतंय." चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या दिवसकार्यानंतरच्या आठवड्यात खाडीपलीकडची एक पोर बाळंतपणाला आली. मूल आडवं होतं. गाडीशिवाय इलाज नव्हता, म्हणून बॅटरी बसवायला हरीला बोलावलं. फळीवरची बॅटरी त्याने उचलून आणली. ती तो जागेवर बसवणार, एवढ्यात मला वाटलं, मेस्त्री असते तर आधी हात फिरवला असता. मी हात आत घातला. कुणी मनगट धरून न्यावं तसा तो थेट खोबणीत गेला.

सांधा गरम होता.

बॅटरी हरीच्या हातात होती. गाडी तीन आठवडे उभी होती. ऊन लागलं म्हणावं तर छपरात ऊन नाही आणि ती खोबण गाडीच्या पोटात. मी हरीचा हात धरून तिथे लावला. त्याने तो झटकन मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी तो सांधा सोडवला. आत कीट होतं. घासलं, आवळलं, बॅटरी जोडली आणि पहिल्याच दाबात गाडी चालू झाली. मूल वाचलं, आईही वाचली.

आता रोज सकाळी मी सगळ्या सांध्यांवरून हात फिरवते. तो सांधा इतरांसारखाच गार लागतो. मला भीती वाटते, आणि त्याहून जास्त मेस्त्रींची आठवण येते. कधीकधी पाना हाती असतो आणि मनात येतं, ती पट्टी जराशी सैल करून ठेवावी... एकदाच. मग कुठल्यातरी वाडीतली एखादी अवघडलेली बाई आठवते, आणि मी पट्टी आणखी एक आटा आवळते.