डी ड्राइव्हवरची माणसं

स्क्रीनच्या खाली, उजव्या कोपऱ्यात एक पिवळट फुगा यायचा. डिस्कवरची जागा संपत आली आहे, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं असायचं. फुली दाबली की तो जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. कुणी बघितलं नाही ना, एवढंच. ते मशीन माझ्या ताब्यात येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि मला वाटलं, मीच ते बिघडवलं.

एमसीएचं शेवटचं सत्र कंपनीत काढायचं असतं. सहा महिने ट्रेनी म्हणून काम करायचं आणि तोच प्रोजेक्ट कॉलेजात दाखवायचा. काम पसंत पडलं तर कंपनी तिथेच ठेवून घेते. आमच्या घरात त्यावर सगळं अडलं होतं. बाबा कसबा पेठेतल्या एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. वर्षानुवर्षं उभं राहून त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या, संध्याकाळी पोटऱ्या निळ्या दिसायच्या. उभ्याचं काम सोडा, असं डॉक्टरांनी सांगून बरेच दिवस झाले होते. मी नोकरीत कायम झाले की बाबा छापखाना सोडणार, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे आईने ठरवलं होतं. बाबांनी मालकांच्या कानावरही घातलं होतं.

कंपनी येरवड्यातच होती, आमच्या वस्तीपासून चालत जाण्याइतकी जवळ. ती काचेची इमारत उठत होती तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तिथे पाट्या वाहिल्या होत्या. टीममधली मुलं कोथरूड, हडपसर, पिंपरीहून गाडीने यायची आणि आल्या आल्या ट्रॅफिकबद्दल बोलायची. मी चालत येते हे मी सांगत नसे. लाज वाटायची असं नाही म्हणता येणार. पण ‘येरवड्यात कुठे?’ असं कुणी विचारलं की पुढे काय बोलायचं ते मला ठरवता येत नसे.

मला मिळालेलं मशीन जुनं होतं. डिस्कचे दोन भाग केलेले, सी आणि डी. सीमध्ये संगणकाचं स्वतःचं सामान, डीमध्ये आपलं काम. आम्ही एका परदेशी विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. कोड लिहून झाला की बिल्ड करायचा, म्हणजे सगळे तुकडे जोडून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा. मग तो तपासण्यासाठी विम्याच्या नमुना नोंदींचा मोठा साठा सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा. या दोन्हींना जागा लागते. माझ्या डीमध्ये ती नव्हती, कारण तिथे आधीच चार-पाच माणसं राहत होती.

प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर होता. नावं इथे लिहीत नाही. एकाच्यात नुसती गाणी. एकीच्यात लहान मुलाच्या वाढदिवसाचे फोटो, मूल केकवर ओणवं झालेलं. एकाने तर सगळा प्रोजेक्ट पुन्हा पुन्हा कॉपी करून ठेवला होता, प्रत्येक कॉपीला ‘फायनल’ असं नाव देऊन. मी ते एकदाच उघडून पाहिले आणि बंद केले. कुणाच्या घरात दार न वाजवता गेल्यासारखं वाटलं. ही माणसं कुठे बसतात ते मला माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर असतील, एखादा अमेरिकेला गेला असेल, येईल परत, असं मी धरून चालले.

बाबांच्या छापखान्यात मागच्या भिंतीला एक कप्प्यांचं लाकडी कपाट आहे. त्यात जुन्या गिऱ्हाइकांचे छपाईचे ब्लॉक ठेवलेले असत. कुणाच्या दुकानाचं नाव, कुणाच्या पावतीवरचा गणपती, कुणाची सही. सुट्टीत मी बाबांबरोबर जायचे तेव्हा त्या कपाटाशी खेळायचे. काही ब्लॉकवरची धूळ इतकी घट्ट बसली होती की अक्षरं दिसायची नाहीत. हे फेकून का देत नाही, असं मी एकदा विचारलं.

“गिऱ्हाइकाचं हाय ते,” बाबा म्हणाले. “उद्या त्यो आला आन् मागितलं, तर काय सांगायचं? इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई.”

ते गिऱ्हाईक बहुधा कधीच येत नसे. पण हात कुणी लावला नाही.

म्हणून फुगा आला की मी माझं काढून टाकायचे. आधी ट्रेनिंगचे धडे गेले. मग सरावासाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम. मग कॉलेजच्या प्रोजेक्टच्या आकृत्या. त्या मी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसून कागदावर काढल्या होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक करून मशीनवर चढवल्या होत्या. कागद होते घरी, म्हणून म्हटलं जाऊ दे. एवढं करूनही बिल्ड आणि नोंदींचा साठा एकदम मावत नसे. मग मी साठा उतरवायचे, प्रोग्रॅम तपासायचे, चूक सापडली की साठा पुसून जागा करायचे, बिल्ड करायचे, आणि साठा पुन्हा उतरवायला लावायचे. तो उतरायला अर्धा दिवस जायचा. इतर मुलं एका दुपारी जे काम संपवायची त्याला मला आठवडा लागायचा. मी जेवायलाही उशिरा जायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल, हिला काही येत नाही.

शेजारच्या खुर्चीवर माझ्याहून तीन-चार वर्षांनी सीनियर मुलगी बसायची. मनाने चांगली होती, डब्यातलं द्यायची.

“तुझं मशीन इतकं रडतं का गं?” तिने एकदा विचारलं.

“जागा कमी आहे.”

“मग क्लीनअप मार ना. किती कचरा साठवतेस.”

त्या दिवशी मी माझा आणखी एक फोल्डर पुसला.

दर शुक्रवारी कामाचा आढावा असायचा. आमचे टीम लीड माझ्या नावाशी आले की थांबायचे. “अजून इन प्रोग्रेसच? पुढच्या शुक्रवारचंही आत्ताच लिहून टाकू का? तेवढाच तुझा वेळ वाचेल.” बाकीचे खाली बघून हसायचे. त्यात द्वेष नव्हता. मीही थोडी हसायचे.

मला बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं. सर, माझ्या मशीनवर जागा नाही. घरून निघताना मी ते घोकायचे, मराठीत आणि इंग्रजीतही. गेटवर कार्ड दाखवेपर्यंत ते असायचं. जागेवर बसले की वाटायचं, आपल्याला बसायला दिलंय हेच खूप. त्यात मशीन पुरत नाही म्हणणारी मी कोण? आमच्या एका खोलीच्या घरात ज्याला जागा पुरत नाही तो जरा सरकून बसतो. दुसऱ्याला ऊठ म्हणत नाही.

दिवाळी जवळ आली तसा एक दिवस आला ज्या दिवशी माझा भाग परदेशातल्या लोकांना दुपारी दाखवायचा होता. सकाळी बिल्ड मध्येच थांबला. जागा नाही. मी रिसायकल बिन रिकामा केला, तो रिकामाच होता. पुन्हा केला. लीड मागे येऊन उभे होते ते मला कळलं नव्हतं. त्यांनी फोन उचलला आणि कंपनीतली मशीनं सांभाळणाऱ्या सिस्टिम अॅडमिनला बोलावलं.

हे अॅडमिन पन्नाशीचे होते, पेठेतले, कुठल्याशा कारखान्यातून इकडे आलेले. शिपायालाही अहो म्हणायचे आणि टोमणा मारल्याशिवाय कुणालाच सोडायचे नाहीत. त्यांनी माउस हातात घेतला, डी ड्राइव्ह उघडला आणि चष्मा वर केला.

“हे कोण? नातेवाईक का आपले?”

“नाही, सर.”

“मग इतके दिवस पाहुणचार कशाचा?”

शेजारची मुलगी हसली. लीड हसले नाहीत.

“त्यांच्या फाइली आहेत,” मी म्हटलं. “ते परत आले तर…”

“ताई, ते परत येणार असते तर आपल्याला ही खुर्ची मिळाली नसती.”

दुकान सोमवारी बंद असतं असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. सगळे फोल्डर निवडले, दोन बटणं एकदम दाबली. एका खिडकीत कागद उडत जातानाचं चित्र सुरू झालं. गाणी गेली, फायनल गेले, केकवर ओणवं झालेलं मूल गेलं. डिस्कचं वर्तुळ इतके दिवस जवळजवळ सगळं निळं दिसायचं. आता त्यात मोठा गुलाबी भाग दिसू लागला. ती रिकामी जागा.

“आधी बोलला असतात तर चहा निवायच्या आत झालं असतं,” असं म्हणून ते गेले.

माझा भाग दाखवायचं लीडनी दुसऱ्या दिवसावर ढकललं. दुपारी कॅन्टीनमध्ये शेजारच्या मुलीने मला त्या फोल्डरवाल्यांचं सांगितलं. परदेशातल्या बँका बुडायला लागल्या, कामं कमी झाली, तेव्हा एकाच दिवशी त्या सगळ्यांना बोलावून कार्डं काढून घेतली होती. मग त्यांच्या जागी ट्रेनी आणले. “एक तर तुझ्याच खुर्चीवर बसायचा,” ती म्हणाली. “सारखा गुणगुणायचा. वैताग यायचा मला.” मग ती भात कालवत राहिली.

त्यानंतरचे काही आठवडे मी वेगाने काम केलं. मलाच आश्चर्य वाटायचं. सकाळी सुरू केलेलं दुपारी संपायचं. शुक्रवारी लीड माझ्या नावावरून पुढे जायचे, तोंडातून काही न काढता, आणि ते मला शाबासकीसारखं वाटायचं. घरी मी थोडंफार सांगितलं असेन. आईने बाबांच्या कामावरच्या दोन खाकी शर्टांपैकी एक फाडला आणि फरशी पुसायला घेतला. “आता कशाला लागतोय दुसरा,” म्हणाली. बाबा म्हणाले, “आगं, थांब की जरा.” पण फाडून झाला होता.

सत्र संपताना मला आतल्या खोलीत बोलावलं. लीड होते आणि एचआरच्या एक मॅडम होत्या. काम नीटनेटकं आहे, असं त्या म्हणाल्या. कॉलेजला प्रमाणपत्र देऊ, त्याची काळजी करू नकोस. पण स्पीडचा प्रश्न आहे, आणि मार्केट कसं आहे ते तू पाहतेसच. त्यांच्यापुढे माझे सगळे शुक्रवार छापून ठेवलेले होते.

तेव्हा कुठे ते वाक्य बाहेर आलं. “मॅडम, माझ्या मशीनवर जागा नव्हती.”

लीडनी मान वर केली. “किती दिवस?”

“पहिल्यापासून, सर.”

“आणि तू एकदाही सांगितलं नाहीस? मी समोर बसतो तुझ्या.”

ते खरंच समोर बसायचे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना कळतच नव्हतं. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते फार लांब होतं. त्यात छापखान्यातलं कपाट होतं, पाट्या वाहणाऱ्या बायका होत्या, आमची खोली होती. त्यातलं कुठलं वाक्य आधी म्हटलं असतं म्हणजे त्यांना कळलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तो प्याले आणि थँक यू म्हटलं.

शेवटच्या दिवशी अॅडमिन मशीन न्यायला आले. माझ्या नावाचा फोल्डर उघडून म्हणाले, “आपलं काही घ्यायचंय का? सांगा, परवानगी काढून देतो.”

आत कंपनीचा कोड होता, तो सर्व्हरवरही होताच. त्यांनी खाली-वर करून पाहिलं.

“आपलं स्वतःचं काहीच नाही की हो इथे.”

“नाही, सर.”

“बरं आहे. मला काम कमी.” असं म्हणाले, पण हात माउसवर तसाच ठेवून थोडे थांबले. “चहा घेणार का?”

मी नको म्हटलं.

घरी बाबा भिंतीला पाय वर टेकवून पडले होते, रोज पडायचे तसे. मी सांगितलं. आई स्टोव्हपाशी होती, तिने वळून पाहिलं नाही. चूक काय निघाली, असं बाबांनी विचारलं. मग मी सगळंच सांगितलं, फोल्डर, फुगा, शुक्रवार. संगणकातलं त्यांना किती कळलं माहीत नाही. मधे त्यांनी एकदाही अडवलं नाही.

“म्हंजी दुसऱ्याचं हाय म्हणून ठिवलंस तू.”

“हो.”

“आन् त्ये काढायचं व्हतं.”

“हो.”

ते छताकडे बघत म्हणाले, “सायबाला सांगायचं तरी, पोरी.”

“बाबा, तुम्ही सांगितलं असतं?”

त्यांनी पाय खाली घेतले आणि पोटरीवरून हात फिरवला.

“न्हाई,” म्हणाले.

सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर उठले. मालकांना आता सांगावं लागणार होतं की अजून काही दिवस येतो, आणि मालकांनी तोवर दुसरा माणूस बघितला असला तर काय, हे आम्ही कुणी बोललो नाही. उरलेला शर्ट आईने रात्रीच धुऊन दाराशी वाळत टाकला होता. काखेत ओला होता, तसाच त्यांनी घातला. डबा घेतला आणि बस धरायला निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत ते दिसत राहिले, एक पाय जरा ओढत.

आई भांडी घेऊन नळावर गेली. मला कुठे जायचं नव्हतं. मी बादली भरून फरशी पुसायला बसले. खाकी फडकं पिळताना हाताला काहीतरी जाड लागलं म्हणून उलगडून पाहिलं. त्याला अजून खिसा होता.